क्लचवरचा पाय

कडुबा दाभाडे माझा शेजारी. घरचा नव्हे, शेडचा. चिकलठाणा एमआयडीसीत आमच्या दोघांच्या शेडला मधली भिंत एकच. अलीकडं माझी दोन लेथ मशिनं, पलीकडं त्याचं गिअरबॉक्स दुरुस्तीचं काम. सकाळी शटर वर करताना मी ‘रामराम’ म्हणायचो, तो ‘जय भीम’ म्हणायचा, आणि मग संध्याकाळपर्यंत आम्हाला एकमेकांचा फक्त ठोकाठोकीचा आवाज. बारा वर्षांत मी त्याच्या मुकुंदवाडीच्या घरी गेलो नाही, तो माझ्या करमाडच्या घरी आला नाही. कामाच्या रगाड्यात राहून गेलं, असं मी सांगत असतो. खरं सांगायचं तर माझ्याकडून कधी बोलावणं गेलं नाही. ते का जात नाही हे आमच्याकडं सगळ्यांना ठाऊक असतं आणि बोलत कुणी नाही.

माणूस नाकावर माशी बसू देणारा नव्हता. एका गाड्यांच्या कारखान्यात गिअरबॉक्सच्या लाइनवर सव्वीस वर्षं काढलेली. कारखान्यानं ती लाइनच बंद केली तेव्हा यानं कुणाच्या दारात न जाता स्वतःचं शेड घेतलं. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स उघडून पुन्हा जसाच्या तसा बसवणारा माणूस जालना रोडवर दुसरा नव्हता, आणि हे त्याला चांगलंच माहीत होतं. मला तो जरा गर्विष्ठ वाटायचा. मी कधी विचारलं, ‘काय चाललंय कडुबा?’ तर उत्तर यायचं, ‘काम.’ पुढं बोलायला काही शिल्लक राहायचंच नाही.

आठ वर्षांपूर्वी त्याच्याकडं ती गाडी आली. प्रणय नावाच्या कारखानदाराच्या मुलानं ती बंगळुरूहून ट्रेलरवर घालून आणली होती. रेसची गाडी. पण ही रेस गोल गोल फिरायची नव्हे. दोन गाड्या शेजारी उभ्या राहतात, हिरवा दिवा लागतो आणि चारशे मीटर सरळ सुटतात. दहा-अकरा सेकंदांत सगळा खेळ खलास. मी कडुबाला म्हणालो होतो, ‘आमच्याकडचा शंकरपट काय वाईट? त्यात निदान बैल तरी ओळखीचे असतात.’ तो हसला नाही.

या गाडीची गंमत अशी, की गिअरबॉक्स ऑटोमॅटिक आणि तरी पायाशी क्लच. ऑटोमॅटिक गाडीला क्लच नसतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. मीही कडुबाला तेच ऐकवलं, तेव्हा एकदाच तो माझ्याशी पाच मिनिटं सलग बोलला. साध्या ऑटोमॅटिकमध्ये इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये तेलानं भरलेला एक डबा असतो. तो सुरुवातीला ढिला पडतो, म्हणून इथं तो काढून त्या जागी क्लच बसवलाय. निघताना एकदाच क्लच दाबायचा, इंजिन तापवायचं, दिवा लागला की पाय सोडायचा. गाडी बंदुकीतून सुटल्यासारखी सुटते. नंतरचे गिअर दांडा ओढला की पडतात, क्लचला हात नाही, म्हणजे पाय नाही. ‘अन् एक ध्यानात ठेवायचं,’ तो म्हणाला होता, ‘क्लच दाबला की आतला तेलाचा पंप थांबतो. लई येळ दाबून धरला तर आतल्या चकत्या कोरड्या पडत्यात अन् जळत्यात.’ हे वाक्य मी स्वतःच्या कानानं ऐकलेलं आहे. त्यानं ते प्रणयलाही दहा वेळा बजावलं होतं.

प्रत्येक रेसनंतर गाडी त्याच्याकडं यायची. तो खालचं तवं, म्हणजे तेल साठतं ते पत्र्याचं तबक, सोडून तेल काढायचा, तेलात लोखंडाची कणी आली का ते बोटांवर चोळून बघायचा, तेल गाळायची जाळी बदलायचा, नवं लाल तेल भरायचा. मग क्लचची फट मोजायची. हे काम मात्र एकट्याचं नाही. एकानं सीटवर बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं गाडीखाली आडवं होऊन चकत्यांच्या मध्ये पातळ पाती घालून मोजायचं.

ते पायडल दाबायला मुक्ताबाई होती. कडुबाची बायको, कन्नड तालुक्यातली. दुपारी डबा घेऊन यायची आणि त्यानं तिला गाडीत बसवलं की संध्याकाळीच सुटायची. जन्मात कधी गाडी चालवली नाही त्या बाईनं, पण त्या रेसच्या गाडीच्या क्लचवर तिच्याइतका पाय कुणाचा बसला नसेल. खालून बोललेलं ऐकू येत नाही म्हणून त्यांची खूण ठरलेली होती. कडुबा पान्यानं खालून एकदा ठोकायचा, की दाब. दोनदा ठोकलं, की सोड. भिंतीपलीकडून ते टक्, टकटक् गाडी आली की मला ऐकू यायचं. नवरा-बायकोचं आपसात काय चाललंय हे ऐकू येतंय असं वाटून मी कधीकधी मशीन मुद्दाम चालू करायचो.

शेवटी तेलाची पातळी बघायची. इंजिन चालू ठेवून, तेल गरम असताना, काडी बाहेर काढून. ही गाडी क्लच दाबल्याशिवाय चालूच होत नव्हती, तसं बटणच होतं तिला. मुक्ताबाई क्लच दाबायची, गाडी सुरू करायची, आणि इंजिन लागलं की दोन्ही पाय वर घेऊन सीटवर मांडी घालून बसायची. त्या सीटवर मांडी कशी मावायची हे तीच जाणे. मी हे दृश्य शटरमधून कितीदा तरी पाहिलंय. नऊवारी नेसलेली बाई, रेसच्या गाडीत, देवळात बसल्यासारखी. कडुबा खवळायचा. ‘अगं, ही रेसची गाडी हाय, वटा नाय. पाय खाली घे.’ ती म्हणायची, ‘तळवे भाजत्यात.’ तो शिव्या देत देत काडी बघायचा. आठ वर्षं हा संवाद बदलला नाही, आणि आठ वर्षांत तो गिअरबॉक्स एकदाही जळला नाही. पुण्या-मुंबईची पोरं फोन करून विचारायची, काका, तुम्ही काय करता? कडुबा म्हणायचा, ‘काम.’

गेल्या सप्टेंबरात मुक्ताबाई गेली. छातीत दुखतंय म्हणाली आणि रिक्षा येईपर्यंत संपलं. मी स्मशानात गेलो आणि तिथूनच परत फिरलो. मुलगी विशाखा पुण्याला बँकेत आहे. तिनं पंधरा दिवस थांबून बापाला पुण्याला चला म्हणून खूप विनवलं. कडुबा म्हणाला, गाडी यायची हाय. ती एकटीच गेली.

महिन्याभरानं तो माझ्या शेडमध्ये आला. हातात कागदाचा तुकडा, त्यावर पेन्सिलीनं काढलेली नळी. एक टोक सीटच्या पायाला टेकायचं, दुसरं क्लचच्या पायडलला, मध्ये आटे पाडलेले, म्हणजे फिरवलं की लांब होऊन पायडल दाबून धरणार. मी म्हणालो, ‘काय कडुबा, पायाला पण सुट्टी दिली का?’ तोंडातून शब्द गेला आणि मला कळलं काय बोललो ते. तो कागदाकडं बघत राहिला. ‘उद्यापोतर व्हईल का?’ एवढंच म्हणाला.

मी ती नळी मन लावून केली. बारीक आटे, पितळी नट, टोकाला रबर. बोललेल्याची भरपाई कामानं करायची माझी जुनी खोड आहे. त्याला सांगता आलं असतं, की कडुबा, नळी कशाला, मी आहे ना भिंतीपलीकडं, हाक मारा, दहा मिनिटं येऊन बसेन. ते सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. पण म्हटलं, हा गर्विष्ठ माणूस, नको म्हणाला तर आपलाच अपमान. त्या दिवसापासून पलीकडची टकटक बंद झाली. नळीला खुणा करायची गरज नव्हती.

डिसेंबरात गाडी रेसला गेली आणि परत आली ती गिअरबॉक्स जाळून. कडुबानं तवं सोडलं तेव्हा करपल्याचा वास माझ्या शेडपर्यंत आला. लाल तेल चहाच्या चोथ्यासारखं काळं. आतल्या चकत्या खापरासारख्या तडकलेल्या. प्रणयनं क्लच जास्त वेळ धरला असेल असं त्याला वाटलं, पण प्रणय शपथेवर सांगत होता, की नाही, काका, दोन सेकंद. कडुबानं सगळा गिअरबॉक्स नव्यानं भरला. जानेवारीत पुन्हा तेच.

तेव्हा प्रणय शेडमध्ये येऊन बसला. मुलगा चांगला, कडुबाच्या पाया पडणारा. पण बोलला ते स्पष्ट बोलला. ‘काका, मार्चची रेस शेवटची. या वेळी पण जळाला तर मी बाहेरून सीलबंद गिअरबॉक्स मागवतो. तो इथं उघडायचाच नसतो, खराब झाला की बंगळुरूला पाठवायचा.’ कडुबा म्हणाला, ‘बरं.’

तो गेल्यावर कडुबा पहिल्यांदाच काही काम नसताना माझ्या शेडच्या दारात आला. ‘नानासाहेब,’ तो म्हणाला, ‘माझा हात गेला वाटतं.’ मी म्हणालो, असं कसं, होतं कधीकधी. ‘नाय. फट बरुबर हाय. जाळी नवी हाय. तेल खुणेवर हाय. तरी जळतंय. मंग हातच गेला म्हणायचा.’ त्याच्या दुसऱ्या हातात तेलाचा एक डबा होता. ‘हे घ्या लेथला. दर बारीला डब्बा उरतोय आजकाल.’ मी डबा ठेवून घेतला आणि थँक्यू म्हणालो. दोन कारागीर माणसं समोरासमोर उभी होती, आणि डबा का उरतोय हे दोघांपैकी एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

ती गाडी गेली असती तर त्याच्याकडं काय उरलं असतं ते मला तेव्हा नीट दिसत होतं. बाकीची कामं आधीच आटली होती. सकाळी उठून कुठंतरी जायचं, कुणीतरी वाट बघतंय, असं त्याला वाटायला लावणारी ती एकच वस्तू राहिली होती, आणि ती पण लोखंडाची.

मार्चमधली रेस रविवारी होती. गाडी शनिवारी सकाळी निघणार. शुक्रवारी दुपारी कडुबा नळी घेऊन आला. पितळी नटाचे आटे झिजून गेले होते, नळी दाब धरत नव्हती. ‘तेवढं करून द्या.’ मी हात वर केले. सकाळपासून लाइट नव्हती, लेथ फिरणार कशी? तो नळीकडं बघत उभा राहिला. मग माझ्याच तोंडून निघालं, ‘मी बसतो की गाडीत.’

‘तुम्ही?’

‘का, मला पाय नाहीत?’

त्यानं माझ्या पायांकडं पाहिलं. मग म्हणाला, ‘चपला बाहेर काढा.’

ते सीट फार अरुंद. मी एकशे पाच किलोचा माणूस, कसाबसा आत शिरलो. पायडल इतकं जड, की पहिल्यांदा दाबताना कंबरेतून कळ आली. ही बाई हे आठ वर्षं दाबत होती. कडुबा खाली शिरला. टक्. मी दाबलं. टकटक्. सोडलं. चारपाच वेळा तसं झालं आणि फट बरोबर निघाली. खालून तो म्हणाला, ‘पाय जड हाय तुमचा, पण चालंल.’

मग तेल. मी क्लच दाबला, बटण दाबलं, इंजिन लागलं. त्या पत्र्याच्या शेडमध्ये तो आवाज म्हणजे छातीत कुणी ढोल वाजवतंय. कडुबानं काडी काढली, पुसली, घातली, पुन्हा काढली. बरोबर खुणेवर. त्यानं अंगठा वर करून मला खूण केली. दोनदा बघायची त्याची सवय, म्हणून तो काडी पुन्हा पुसायला लागला, आणि तेवढ्यात माझ्या पोटरीला असा गोळा आला, की मी पाय काढून घेतला. गाडी गिअरमध्ये नव्हती, काही बिघडणार नव्हतं.

कडुबानं काडी काढली आणि तिच्याकडं बघतच राहिला. पुसली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. मग खिडकीशी येऊन माझ्या कानात ओरडला, ‘काय केलं तुम्ही?’

‘काही नाही. पाय काढला. गोळा आला.’

‘परत दाबा.’

दाबला. तो काडीकडं गेला. थोडं थांबून बघितली. हातानं खूण केली, सोडा. सोडला. पुन्हा बघितली. मग त्यानं हात आडवा फिरवला, बंद करा.

आवाज थांबल्यावर शेड भलतंच शांत झालं. कडुबा काडी हातात धरून उभा होता. टोकाला तेलाचा डाग जेमतेम लागलेला, खुणेपासून चार बोटं खाली. ‘दीड लिटर कमी हाय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही दाबलं की पंप थांबतो, वरचं समदं तेल खाली उतरतं. काडी भरलेली दिसती. सोडलं की पंप तेल वर वढतो, खरं कळतं.’

नळी एकदा लावली की तो ती काढत नसे. एकटा माणूस, चालू गाडी, चुकून गिअर पडला तर भिंत फोडून माझ्या लेथवर येईल, म्हणून. सावधपणा म्हणून. दर वेळी दाबलेल्या क्लचवर काडी बघितली, दर वेळी दीड लिटर कमी भरलं, आणि उरलेला डबा मला आणून दिला. गाडी सुटली की होतं नव्हतं ते तेल मागं फेकलं जायचं आणि पंप नुसती हवा ओढायचा. पंप थांबतो हे वाक्य त्याचंच. जगाला सांगितलेलं. पण काडी बघताना पाय कुठं असतो याचा विचार त्याला कधी करावाच लागला नव्हता.

‘मग इतकी वर्षं बरोबर कसं निघत होतं?’ मी विचारलं, आणि विचारता विचारताच मला ते दिसलं. त्यालाही दिसलं. तो सीटकडं बघत होता.

‘पाय वर घ्यायची ती,’ कडुबा म्हणाला.

तो बसायला जागा शोधत तेलाच्या डब्यावर बसला. बऱ्याच वेळानं उठला, राहिलेलं तेल भरलं, मला पुन्हा गाडी सुरू करायला लावली आणि म्हणाला, ‘आता पाय वर घ्या.’ मला मांडी कुठली जमतेय, मी नुसते गुडघे वर केले. काडी खुणेवर आली.

रविवारी गाडी तीनदा धावली. सोमवारी प्रणय पेढे घेऊन आला. कडुबानं त्याच्यासमोर तवं सोडलं, तेल लालभडक. प्रणय त्याच्या पाया पडला आणि म्हणाला, ‘काका, तुमच्या हाताला तोड नाही. गिअरबॉक्स हाच राहणार.’ कडुबा या वेळी ‘काम’ सुद्धा म्हणाला नाही.

संध्याकाळी पेढ्यांचा पुडा घेऊन तो माझ्या शेडमध्ये आला आणि स्टुलावर बसला. ‘नानासाहेब, लोकांनी तारीफ केली की म्या घरी जाऊन तिला सांगायचो. आज परत माझ्या हाताचं नाव झालं म्हणून. ती भाकरी थापता थापता म्हणायची, व्हय, तुमच्या हाताला तोड नाय. म्या बी खरं धरायचो.’ पुडा त्यानं दोन्ही हातांत धरला होता. ‘अन् पाय वर घेतला म्हणून दर बारीला शिव्या खायची. आठ वर्षं. तिलाबी ठावं नव्हतं, मलाबी नाय.’

मी म्हणालो, ‘आता कळलं ना.’

‘मला कळलं. तिला सांगायचं राह्यलं.’ तो उठला. ‘आज घरी जाऊन सांगण्यासारखं लई हाय. काहून जायाचं तेच कळंना.’

मी मशीन बंद केलं. ‘थांबा,’ म्हणालो, ‘मी येतो.’ त्यानं माझ्याकडं पाहिलं. नको म्हणेल असं मला वाटलं, पण तो शटर ओढायला गेला.

चिकलठाण्याहून मुकुंदवाडी स्कूटरवर दहा मिनिटं. एवढ्या अंतराला मला बारा वर्षं लागली. दोन खोल्या, झाडून स्वच्छ ठेवलेल्या. ओट्यावर एकच ताट, एकच पेला. भिंतीवर मुक्ताबाईचा फोटो. कडुबानं पुडा सोडून एक पेढा फोटोपुढं ठेवला. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं.

‘माझ्याच्यानं व्हत नाय,’ तो म्हणाला. ‘तुम्ही सांगा तिला.’

मी कधी त्या बाईशी चार शब्द धड बोललो नव्हतो. हात जोडले. म्हणालो, ‘वहिनी, तुम्ही पाय वर घेत होता ना, तेच बरोबर होतं. गाडी त्याच्यामुळंच चालत होती. कडुबा म्हणताहेत.’

मागं वळून पाहिलं तर कडुबा आतल्या खोलीत गेला होता. चहा टाकतो म्हणाला. स्टोव्ह पेटल्याचा आवाज काही आला नाही, आणि मी तिथंच उभा राहिलो.